मोटर कोणाच्या पायांचे ऐकते

दोघांनी मिळून चालवायच्या सायकलला मोटर बसवली, तर ती मोटर कोणाच्या पायांचे ऐकते? हा प्रश्न मला ग्रंथालयाच्या काउंटरवर विचारण्यात आला, आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही. विचारणाऱ्या मुलीला विजेच्या सायकलींवरचे एखादे पुस्तक हवे होते. तसे पुस्तक आमच्याकडे नव्हते. "राहू दे," ती जाता जाता म्हणाली, "मामाला सांगते, पुस्तकातसुद्धा नाहीये." तेव्हा कुठे ती कोणाची भाची आणि प्रश्नातली सायकल कोणती, हे माझ्या लक्षात आले.

ती सायकल आमच्या भागात सगळ्यांच्या ओळखीची होती. लांबलचक, हिरवी, दोन सीटांची, दोन हँडलांची आणि पायडलांच्या दोन जोड्यांची. पुढे ताई बसत, मागे त्यांचा धाकटा भाऊ. आणि ताईंचा भाऊ म्हणून सगळे त्यांना नुसते भाऊच म्हणत. ग्रंथालये, कचेऱ्या, दवाखाने, एखादे जुने नाट्यगृह, जिथे म्हणून वेताने विणलेल्या खुर्च्या टिकून होत्या, तिथे ही दोघे मिळून जात. लाकडाचे काम ताईंचे: खिळखिळे झालेले सांधे सरसाने बसवणे, पाय सारखे करणे, पॉलिश करणे. बैठक आणि पाठ विणणे भाऊंचे. भाऊंना दिसत नव्हते. शाळेत असताना संध्याकाळनंतर दिसेनासे झाले, मग दुपारीही कडेचे दिसेनासे झाले, आणि मिशी फुटायच्या सुमारास उजेड कोणत्या बाजूला आहे एवढेच काय ते उरले. वेतकाम ते अंधांच्या कार्यशाळेत शिकले. तिथल्या गुरुजींनी त्यांना पहिला महिनाभर विणूच दिले नव्हते. नुसता भिजवलेला वेत ताणून भोकात खुंटीने अडकवायचा आणि बोटाने टिचकी मारून ताण ओळखायचा, एवढेच काम. विणलेली बैठक सुकल्यावर आवळते, म्हणून ओली असताना ती किती सैल ठेवायची हे बोटाला कळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह. भाऊ ही गोष्ट सांगत तेव्हा शेवटी म्हणत, "महिनाभर टिचक्या मारून झाल्या आणि मग गुरुजी म्हणाले, आता ये कामाला. मी म्हटलं, मग आतापर्यंत काय करत होतो?"

सुरुवातीला ताई त्यांना आपल्या साध्या सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेत. मांडीवर वेताची भेंडोळी, हातात अवजारांची पिशवी आणि पाय अधांतरी. तळ्याकाठच्या बागेत भाड्याने सायकली देणारा एक माणूस धंदा गुंडाळत होता. त्याच्याकडची जोडसायकल कोणी घेत नव्हते, ती ताईंनी घेतली. त्या दिवसाविषयी भाऊ सांगत: "कॅरिअरवर बसलो होतो तोवर मी सामान होतो. मागच्या सीटवर बसलो आणि भागीदार झालो."

गल्लीतल्या मुलांना मात्र हे मान्य नव्हते. सायकल दिसली की ती ओरडत, "इंजिन आलं, डबा आला." भाऊ मागून घंटी वाजवून त्यांना उत्तर देत. घंटी मागच्या हँडलवर होती. पुढच्या माणसाचे हात दिशेत आणि ब्रेकमध्ये गुंतलेले, मागच्याचे रिकामे, तेव्हा घंटी मागेच बरी, असा हिशेब ताईंनी पहिल्याच आठवड्यात मांडला होता. ताई नुसते "हं" म्हणत आणि भाऊंचा अंगठा चाले. रस्त्यावरच्या माणसांना समोर बघणारी बाई दिसे आणि घंटी तिच्या पाठीमागून ऐकू येई.

जोडसायकलीची एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. पायडलांच्या दोन्ही जोड्या एका चेनने एकमेकींना बांधलेल्या असतात. एकाने फिरवले की दुसऱ्याचेही फिरते. एकाने पाय थांबवले की दुसऱ्यालाही थांबवावे लागतात. त्यामुळे पुढच्याच्या पायांत काय चालले आहे ते मागच्याच्या तळव्यांना कळत राहते. खड्डा आला की ताईंचे पाय किंचित अडखळत आणि भाऊ सीटवरून अंगठाभर उठत. वळणाआधी ताई अर्धा फेरा सोडून देत. ही भाषा कोणी ठरवली नव्हती; ती वर्षानुवर्षांत झाली होती. भाऊंना तिच्यातून याहून अधिकही कळे: ताईंची झोप झालेली नाही, मुलीशी वाजले आहे, डावा गुडघा दुखतो आहे. ताई तोंडाने कधीच काही सांगत नसत. कसे काय विचारले की "मला काय धाड भरलीय" हे एकच उत्तर. भाऊंना त्यांचा चेहरा दिसत नव्हता, आणि आवाजावर ताईंचा पुरता ताबा होता. राहिले पाय. पायांना खोटे बोलता येत नाही, असे भाऊंचे म्हणणे होते.

म्हणूनच ताईंच्या छातीचे दुखणे डॉक्टरांच्या आधी भाऊंना कळले. पाण्याच्या टाकीचा चढ लागला की पूर्वी ताईंचे पाय जड होत. आता ते मध्येच रिकामे होऊ लागले. पायडलावर पाय आहे, पण त्यात जोर नाही. भाऊ तो जोर आपल्या पायांनी भरून काढत आणि वर पोचल्यावर विचारत,

"ताई, दम लागला का?"

"दम कसला. उन्हानं डोळ्यांपुढे येतं जरा."

"ऊन तर माझ्या पाठीवर आहे. तुझ्या तोंडावर सावलीच असणार."

"तुला रे काय कळतंय, कुठे ऊन नि कुठे सावली," ताई म्हणत. आणि त्या चिडल्या आहेत म्हणजे नक्कीच काहीतरी आहे, हे भाऊंना कळे.

अखेर भाचीने आईला डॉक्टरांकडे नेले. हृदयाची झडप नीट मिटत नव्हती. गोळ्या सुरू झाल्या. सपाटीवर सायकल चालवायला हरकत नाही, चढावर ताण द्यायचा नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. परंतु महाविद्यालय, न्यायालय आणि आमचे ग्रंथालय टाकीच्या चढापलीकडेच होते. चढ सोडायचा तर निम्मे काम सोडायचे. चढ एकट्या भाऊंनी ओढावा, तर दोन माणसे, वेत आणि अवजारे एवढे ओढण्याचे त्यांचेही वय राहिले नव्हते. एकदा त्यांनी तसा प्रयत्न केला. अर्ध्यावर दोघांनी उतरून सायकल ढकलली, आणि ढकलण्यात ताईंना चालवण्याहून जास्त धाप लागली.

मोटरचे किट बसवायची कल्पना भाचीची. भाऊंनी ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला तो हाच: मोटर कोणाच्या पायांचे ऐकणार? भाचीला वाटले, मामा फाटे फोडतो आहे.

"मामा, तुला नकोय का? तसं सरळ सांग."

"हवंय गं. पण आत्ता तुझी आई पुढे थकली की मला कळतं. मोटर जोर लावायला लागली की कोण थकलंय आणि कोण नाही, हे मला कसं कळणार?"

"तिला विचार की."

भाऊ हसले. "तुझ्या आईला? विचारून?"

त्यानंतर तिघेही घड्याळवाल्याकडे गेली. हा सायकली दुरुस्त करणारा माणूस पूर्वी मनगटी घड्याळे दुरुस्त करत असे. तो धंदा बसल्यावर सायकलींकडे वळला. नाव मात्र तेच राहिले, आणि पाना चिमट्यासारखा दोन बोटांत धरायची सवयही. त्याच्या दुकानात छताला चाके टांगलेली होती आणि भिंतीवर अजून एक बंद पडलेले लंबकाचे घड्याळ होते, त्याविषयी कोणी बोललेले त्याला आवडत नसे. त्याने जोडसायकल उलटी करून ठेवली आणि किती प्रकारची किटे येतात ते सांगितले.

पहिल्या प्रकारात मोटर पुढच्या चाकाच्या मधोमध असते. बसवायला सगळ्यांत सोपी. "पण ही बघा," ज्या खाचांत पुढच्या चाकाची दांडी बसते त्या त्याने बोटाने दाखवल्या आणि मग भाऊंचा हात धरून तिथे नेला. "झिजल्यात. चाक स्वतःच ओढायला लागलं तर या खाचा उघडतील. शिवाय चढावर सगळं वजन मागे जातं. पुढचं चाक खडीवर नुसतं जागच्या जागी फिरत बसेल."

दुसऱ्या प्रकारात मोटर पायडलांपाशीच बसते. भाचीने याविषयी खूप वाचले होते. चढासाठी हीच उत्तम, असे सगळीकडे लिहिले होते. घड्याळवाल्याने मान हलवली. "एका माणसाच्या सायकलला उत्तम. इथे ती पुढच्या पायडलांशी बसवावी लागेल. मग मोटर पुढून चेन ओढणार आणि त्या चेनला मागची पायडलं बांधलेली. म्हणजे ताईंनी पाय थांबवले तरी चालेल, पण भाऊंचे पाय मोटर फिरवत राहणार."

"म्हणजे मी व्यायाम करत नाही, मला व्यायाम करवतात," भाऊ म्हणाले. "दवाखान्यात करवतात तसा."

राहिले मागचे चाक. मोटर मागच्या चाकात, बॅटरी दोघांच्या मधल्या खालच्या नळीवर. किटबरोबर येणारे चाक एका माणसाच्या वजनाचे असते. म्हणून घड्याळवाला फक्त मोटर घेणार आणि जोडसायकलीच्या जुन्या जाड रिममध्ये नव्या जाड आऱ्यांनी ती ओवणार, असे ठरले. ब्रेकचे लिव्हर बदलायचे, ब्रेक दाबला की मोटर बंद पडेल असे. चढासाठी जास्त फेऱ्यांची नव्हे, जास्त ताकदीची मोटर निवडायची. हे सगळे पक्के झाल्यावर भाऊंनी आपला प्रश्न पुन्हा काढला.

"पायांचं कुणाच्याच ऐकत नाही ती," घड्याळवाला म्हणाला. "पायडलाच्या दांड्याला चुंबकांची एक चकती लावतो आपण. शेजारी सेन्सर. चकती फिरतेय एवढंच त्याला कळतं. कोण फिरवतंय, किती जोर लावून फिरवतंय, त्याचा त्याला पत्ता नाही."

"मग बहिरीच म्हणा की," भाऊ म्हणाले. पण ताईंनी होकार दिला होता, आणि त्यांच्या होकारापुढे भाऊंनी सहसा काही बोलायचे नाही असा घरचा रिवाज होता.

काम दुकानातच झाले. भाऊ रोज तिथे जाऊन बसत. आरे ओवताना कोणता सैल आणि कोणता ताणलेला हे टिचकीने सांगायचे काम त्यांनी आपणहून घेतले. घड्याळवाला आधी वैतागला, मग त्याला भाऊंशिवाय करमेनासे झाले. मोटरची दांडी खाचेत गरकन फिरू नये म्हणून त्याने एक पोलादी पट्टी घासून घासून बसवली. वेग दाखवणारी पाटी, दाबले की मोटर चालू करणारे अंगठ्याचे बटण आणि मदत कमी-जास्त करायची कळ, हे सगळे किटच्या सूचनापत्रात दाखवल्याप्रमाणे पुढच्या हँडलवर, ताईंच्या हाताशी गेले. चालवणारा पुढे असतो. हे सूचनापत्र लिहिणाऱ्याला वाटले, घड्याळवाल्याला वाटले, भाचीला वाटले, आणि खरे तर भाऊंनाही वाटले. चूक म्हणायची तर ती इथे झाली, आणि सगळ्यांनी मिळून केली.

पहिले काही दिवस कौतुकाचे गेले. टाकीचा चढ सायकल गुणगुणत चढली. मुलांनी "डब्याला इंजिन लागलं" अशी नवी आरोळी शोधली. ताई वर पोचल्यावर बोलू शकत होत्या, आणि बोलत होत्या. याच चढावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा शेजारच्या घरांच्या बागा पाहिल्या, असे त्यांनी मला सांगितले. भाऊंना "कसं वाटतं?" असे मी विचारले तेव्हा म्हणाले, "गादीवर बसून कुणाशी हात मिळवावा आणि त्यानं हातमोजे घातलेले असावेत, तसं."

मग तो दिवस आला. न्यायालयातल्या साक्षीदारांच्या बाकांचे काम होते, वेताची भेंडोळी जास्त होती. चढाच्या मध्यावर ताईंच्या पायांतला जोर गेला. मोटर चालू होती, भाऊ पायडले फिरवत होते, चकती फिरत होती. सेन्सरच्या दृष्टीने सगळे यथास्थित होते. ओझे मोटरने उचललेले असल्यामुळे ताईंच्या रिकाम्या पायांचा भार भाऊंच्या तळव्यांना जाणवलाच नाही. ताईंचे पाय नुसते फिरवले जात राहिले. वर पोचता पोचता हँडल एका बाजूला झुकले. ताईंनी कसाबसा ब्रेक दाबला, मोटर बंद झाली, आणि दोघेही पदपथाच्या कडेला आडवे झाले. लागले फारसे नाही. भाऊंचे कोपर खरचटले. पण ताई उठेनात. त्या डोळे मिटून बसून होत्या, आणि भाऊ रस्त्यावर गुडघ्यांवर चालत त्यांचे पाय चाचपत होते.

"इथे आहे रे मी," ताई म्हणाल्या. "ओरडू नकोस."

"मी कुठे ओरडतोय?"

"आता ओरडणार होतास."

डॉक्टरांनी गोळी बदलली आणि विश्रांती सांगितली. घरी त्या दिवशी बहीण-भावाचे चांगलेच वाजले, असे भाचीने नंतर सांगितले. भाऊंनी मोटर काढून टाकायचे फर्मान काढले होते.

"काढ, आणि मग काय?" ताईंनी विचारले. "मला कॅरिअरवर बसवून तू पुढे बसणार आहेस?"

"चढ सोडू. खालचं काम करू."

"खाली आहेत किती खुर्च्या? प्लॅस्टिकच्या धरून सांग."

"मला कळलं नाही, ताई. तू अर्धा चढ नुसती बसून होतीस आणि मला कळलं नाही."

"बरं झालं नाही कळलं. उगाच मध्येच थांबला असतास."

"त्यासाठीच तर मी मागे बसतो," भाऊ म्हणाले.  ताई आत निघून गेल्या आणि भाचीने जेवण वाढले.

ताई घरी असताना भाऊ आमच्या वाचनकक्षातली काही उरलेली कामे करायला येत. भाची त्यांना गाडीने सोडून जाई. ते खिडकीशी बसून एका खुर्चीची बैठक विणत होते. ओला वेत ओढायचा, खुंटी दाबायची, टिचकी मारायची. पुन्हा खुंटी सैल करून ओढायचा, पुन्हा टिचकी. मधेच त्यांचे हात थांबले. बराच वेळ ते खुंटी नुसतीच दाबत आणि सोडत राहिले. मग त्यांनी मला घड्याळवाल्याचा फोन लावून द्यायला सांगितले.

"ते अंगठ्याचं बटण," ते फोनवर म्हणाले, "माझ्याकडे घ्यायचं. मागे. घंटीशेजारी. आणि ती चकती काढून टाकायची."

पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही, पण ते लांबले. भाऊ मध्येच म्हणाले, "दिसत नाही म्हणूनच म्हणतोय. दिसावं लागतं ते ब्रेक दाबणाऱ्याला. ब्रेक ताईकडेच राहू दे. तिनं दाबला की माझं बटण मेलं, असंच आहे ना ते? मग झालं तर."

घड्याळवाल्याचा विरोध दोन दिवस टिकला. मोटर सोडणाऱ्याला रस्ता दिसत नाही, हे त्याला काही केल्या पचत नव्हते. शेवटी ताईच दुकानात गेल्या. "इतकी वर्षं घंटी मागे आहे," त्या म्हणाल्या, "तेव्हा कुणाचं काही अडलं नाही. करून टाका." त्यावर त्याने तार वाढवली, बटण मागच्या हँडलवर घंटीच्या डाव्या हाताला बसवले, आणि सेन्सर काढून भाऊंच्या हातात ठेवला. मोटर पूर्ण बंद करायची मुख्य कळ त्याने मात्र पुढेच ठेवली. तेवढी तडजोड भाऊंनी मान्य केली.

आता चढ असा चढला जाऊ लागला. सपाटीवर मोटर नाही. चढ लागला की दोघे नेहमीसारखे पायडल मारत. ताईंचे पाय रिकामे होऊ लागल्याचे तळव्यांना कळले की भाऊ बटण दाबत. थोडे अंतर गेले की सोडत, पाय काय म्हणतात ते ऐकत, आणि पुन्हा दाबत. दर वेळी सोडल्यावर पाय रिकामेच लागले, तर ते घंटी दोनदा वाजवत. त्याचा अर्थ: थांब, उतर. हा नियम त्यांनी ताईंकडून कबूल करून घेतला होता, आणि ताईंनी तो आयुष्यात पहिल्यांदाच कोणाचे तरी ऐकावे लागते आहे अशा चेहऱ्याने कबूल केला होता. चेहऱ्याचे वर्णन भाचीने मामाला करून सांगितले.

मी त्यांना एकदा वर येताना पाहिले. मोटर गुणगुणे, थांबे, पुन्हा गुणगुणे. चढाच्या शेवटच्या भागात घंटी दोनदा वाजली. ताईंनी ब्रेक दाबला, दोघे उतरले आणि टाकीच्या कठड्याला टेकून बसले.

"नाडी बघायला बसलायस का माझी?" ताई म्हणत होत्या.

"पाय बघतो."

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, बाई हट्टी आहे."

"ते तुझे असतील," ताई म्हणाल्या, आणि पाण्याची बाटली आधी भाऊंच्या हातात दिली.

भाचीचा प्रश्न माझ्याकडे तसाच राहिला होता. पुढे ती ग्रंथालयात आली तेव्हा तिने तो पुन्हा विचारला नाही; मामाने आपण होऊन तिला उत्तर दिले होते. मोटर पायांचे ऐकत नाही. ती अंगठ्याचे ऐकते, आणि अंगठा ताईच्या पायांचे.

ताईंनी २०२३च्या नोव्हेंबरमध्ये सायकल सोडली. त्या महिन्यापासून पुढच्या सीटवर भाची बसते, आणि बटण मागच्याच हँडलवर आहे.